रेषेखालचा मजकूर

नऊ सप्टेंबर. तीन जीव गेले.

कापड रंगवण्याच्या कारखान्यातला बॉयलर सकाळच्या पाळीत फुटला, शेजारची भिंत कोसळली आणि तिच्याखाली दोन रंगारी व बॉयलरवाला सापडले. चौकशी समितीने कारण एका शब्दात दिले: निष्काळजीपणा. तो बॉयलरवाल्याचा ठरला, कारण मेलेला माणूस हरकत घेत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह कित्येक महिने अडकत होता आणि हातातली मागणी पुरी होईपर्यंत बॉयलर थंड करायला परवानगी नव्हती, हे फिटर खात्यात सगळ्यांना ठाऊक होते. युनियनच्या वतीने एकाने समितीपुढे हा विषय काढला, तेव्हा त्याला मुद्द्याला धरून बोलायला सांगण्यात आले.

हा माणूस म्हणजे फिटर खात्यातला कलमदादा. मालकाशी होणारा प्रत्येक करार तो गेटवर उभा राहून कलमवार वाचून दाखवी, म्हणून हे नाव पडले होते. त्याचा आवाज भोंग्याशी पैज लावणारा होता. देवाधर्माशी त्याचे भांडण नव्हते आणि सलगीही नव्हती. बॉयलरवाला मात्र ख्रिस्ती, रोज संध्याकाळी आईला पवित्र शास्त्रातले पान वाचून दाखवल्याशिवाय न जेवणारा. दोघे दुपारी एका बाकावर डबा खात, आणि एकाचे शास्त्र व दुसऱ्याचे करार यांवरून थट्टा चाले.

दफनानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात बॉयलरवाल्याच्या म्हाताऱ्या आईने कलमदादाला बोलावून घेतले. खोली एकच होती. पलंग, स्टोव्ह आणि खिडकीशी एक खुर्ची. मोतीबिंदूमुळे तिला माणूस सावलीएवढाच दिसे.

"बस. खुर्चीत नको, ती त्याची आहे. पलंगावर बस."

"बोला, मावशी."

"त्याचं शास्त्र तो डब्याबरोबर कारखान्यात न्यायचा, ते बॉयलरपाशीच जळालं. मला दुसरं आणून दे आणि वाचून दाखव. पाळकसाहेब वाचतात, पण त्यांचा आवाज म्हणजे उशीत तोंड खुपसल्यासारखा. तुझा ऐकू येतो."

"काय वाचायचं?"

"बुरूज पडतो आणि माणसं मरतात, असं एक ठिकाण आहे. अठरा माणसं. ती जास्त पापी होती का, असं कुणीतरी विचारतं. पोरानं वाचलं होतं. उत्तर काय होतं ते मला आठवत नाही रे. मातीच्या वेळी मागे दोघी कुजबुजत होत्या, देवानं उगाच नाही उचललं म्हणून. तेव्हापासून मी ते उत्तर शोधतेय."

आणतो, असे कलमदादा म्हणाला. एक पुस्तक विकत घ्यायचे, त्यात काय अवघड, असे त्याला वाटले.

ख्रिस्ती पुस्तकांचे दुकान छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी होते. आत शिरल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो एका साध्या प्रश्नाने.

"नवा करार पाहिजे की पूर्ण?" दुकानदाराने विचारले.

कलमदादाची छाती फुगली. हे तर आपले क्षेत्र! "नवाच द्या. नवा झाला की जुना रद्द होतो."

"कुणी सांगितलं?"

"गेली वीस वर्षं मीच सांगतोय."

दुकानदार हसून हसून खोकला. मग त्याने समजावले, की इथे जुना रद्द होत नाही. दोन्ही एकाच बांधणीत मिळतात. त्याने फळीवरून एकेक काढायला सुरुवात केली. जुन्या भाषेतले, सोप्या भाषेतले. मोठ्या टाइपाचे, खिशात मावणारे. समासात संदर्भ असलेले, मागे नकाशे आणि शब्दसूची असलेले. शिवाय शास्त्राचा अर्थ उलगडणाऱ्या टीकाग्रंथांची वेगळी फळी, आणि रोज काय वाचावे हे ठरवून देणारी पुस्तके. कलमदादाच्या डोक्याला मुंग्या आल्या. विचार करून येतो, असे म्हणून तो बाहेर पडला.

विचार करण्याऐवजी त्याने विचारत सुटण्याची चूक केली. पाळकसाहेब म्हणाले, जुने भाषांतर घ्या, त्यात वजन आहे; नव्यात सगळे पातळ झाले आहे. फिटर खात्यातला ख्रिस्ती सुपरवायझर म्हणाला, जुने कुणाला कळते, नवे घ्या. जावई म्हणाला, "मामा, मोबाइलवर सगळं फुकट आहे," आणि त्याने एका तासात पाच प्रवचनकार ऐकवले. त्यांतले दोघे उरलेल्या तिघांना खोटे ठरवत होते. प्रत्येकाचा सल्ला ठाम होता, आणि कुणासाठी हवे आहे हे मात्र एकानेही विचारले नाही.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "भाजी घेताना माझं ऐकत नाही, आणि शास्त्र घेताना गावाचं ऐकता. म्हातारीला विचारा ना, कुठलं होतं ते!"

"तिला दिसत नाही."

"तिला ऐकू येतं ना?"

या वाक्याकडे त्याने लक्ष दिले नाही. त्याला अब्रूची काळजी होती. गेटवर हजार माणसांना कलमे समजावणारा माणूस म्हाताऱ्या बाईपुढे अडाणी ठरला तर? शेवटी तो दुकानात परत गेला आणि सर्वांत जाड ग्रंथ मागितला. अभ्यासाची आवृत्ती. प्रत्येक पानावर वर मजकूर, मधोमध एक बारीक रेषा, आणि रेषेखाली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत टिपा.

ती रेषा पाहून त्याला घरी आल्यासारखे वाटले. मालकाच्या प्रत्येक करारात वरचा भाग गोडगोड असतो. खरे काय ते रेषेखाली बारीक अक्षरात असते, हे त्याने हाडे झिजवून शिकलेले होते. बोनसच्या करारात 'उत्पादन समाधानकारक असल्यास' हे शब्द त्यानेच रेषेखालून उचकटून काढले होते. इथेही तसेच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. वरचे ऐकायला, खालचे पाळायला.

दुकानदाराने बुरुजाचे पान काढून दिले. त्याच संध्याकाळी कलमदादा पलंगावर बसला, वरच्या चार ओळी तोंडातल्या तोंडात घाईने उरकल्या आणि रेषेखाली पोहोचून त्याने गेटवरचा आवाज लावला. टिपेत लिहिले होते, की अशा आपत्ती या निष्काळजी आणि गाफील जीवनावर आलेला न्याय असतात, आणि मागे राहिलेल्यांनी त्यातून धडा घ्यावा.

"निष्काळजी?" म्हातारीने विचारले. "हाच शब्द आहे?"

"हाच, मावशी." शब्द त्यालाही कुठेतरी टोचला होता. पण लिहिलेले तर स्पष्ट होते.

"म्हणजे कारखान्याचे साहेब खरं बोलले."

कलमदादाने ग्रंथ मिटला. तो चहा न घेताच उठला.

पुढच्या रविवारी त्याला कळले, की म्हातारी शेजारणीचा हात धरून, सुजलेल्या गुडघ्यांनी, दोन्ही रंगाऱ्यांच्या घरी जाऊन आली. माझ्या पोराच्या हयगयीने तुमची माणसे गेली, त्याला माफ करा, असे दारात उभी राहून म्हणाली. एका घरी तिला पाणी दिले, दुसऱ्या घरी दार लावून घेतले.

ही बातमी ऐकून कलमदादा घाबरा झाला. व्हॉल्व्हचे त्याला ठाऊक होते. मग शास्त्र खोटे, की तो व्हॉल्व्ह? की त्यानेच काही चुकीचे वाचले? ग्रंथ काखेत मारून तो दुकानात गेला.

"हे पुस्तक चुकीचं आहे."

"कुठे?"

"इथे. खाली."

दुकानदाराने चष्मा वर केला, पान वाचले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हे बघा, मी विकतो. हे सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही. वरच्या मजल्यावर बाई राहतात. पाळकांच्या विद्यालयात त्यांनी आयुष्यभर शिकवलंय. त्यांना विचारा."

बाई टेबलावर सफरचंद सोलत होत्या. त्यांनी त्याला बसवले, अर्धी फोड हातात दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुणासाठी घेतलंत?"

कलमदादाने सगळे सांगितले. बॉयलर, भिंत, टीप, दोन घरांची दारे. बाई सुरी खाली ठेवून ऐकत होत्या.

"तुम्ही हे रेषेखालचं शास्त्र म्हणून वाचलंत?"

"खालचंच खरं असतं ना?"

त्यांना हसू आले, आणि लगेच ओसरले. "नाही हो. शास्त्र वरचं. खालचं कुणा माणसानं लिहिलेलं. कधी चांगलं, कधी असं."

"मग छापतात कशाला एकाच पानावर?"

"मदत व्हावी म्हणून. आणि मदत होते, खोटं कशाला सांगू? पण टीप वाचताना विचारावं, हा कोण, कधी लिहिलं, कुणाला उद्देशून. वर आहे त्याच्या उलट खाली निघालं तर वरचं धरावं."

त्यांनी आणखी दोन टीकाग्रंथ काढून तीच जागा दाखवली. एकात लिहिले होते की मेलेले दोषी नव्हते, एवढाच अर्थ. दुसऱ्यात लिहिले होते की प्रश्नच चुकीचा आहे. कलमदादाने तिन्ही पुस्तके समोर ओढली.

"यातलं खरं कुठलं?"

"मला पक्कं ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिकवलं, तरी या जागी मी अडखळते. जो इथे अडखळत नाही, त्याचा सल्ला जरा जपून घ्या."

हे ऐकून त्याचा गोंधळ कमी झाला नाही. उलट, इतके दिवस निदान कुठेतरी एक पक्के उत्तर असेल अशी आशा होती, तीही गेली. पण या बाईने आपल्याला काही विकले नाही, एवढे त्याच्या ध्यानात आले.

"मग मी तिला काय वाचू?"

"तिला विचारा, मुलगा 'बुरूज' म्हणायचा की 'मनोरा'. भाषांतरांत फरक असतो. तिच्या कानावरचं जे असेल ते घ्या, साधं, बिनटिपांचं. आणि चार ओळी नका वाचू. पूर्ण अध्याय वाचा."

म्हातारी सुरुवातीपासून 'बुरूज'च म्हणत होती. बायकोने भाकरी थापताना हेच सांगितले होते, हे त्याला जिन्यावर आठवले आणि त्याने स्वतःलाच एक शिवी दिली.

नवे पुस्तक पातळ होते. तो गेला तेव्हा म्हातारीने दार उघडले, पण बस म्हणाली नाही.

"मावशी, माझी चूक झाली. त्या दिवशी वाचलं ते शास्त्र नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलेलं होतं."

"कुणी?"

"कुणी विद्वान."

"तो माझ्या पोराला ओळखत होता?"

"नाही."

"मग त्यानं कशाला लिहिलं?" ती पलंगावर बसली. "वाच. वरचं वाच."

तो उभा राहूनच वाचू लागला. या वेळी गेटवरचा आवाज त्याला लागला नाही. बुरुजाच्या जागी तो आला. ते अठरा जण इतरांहून अधिक दोषी होते का, असा प्रश्न, आणि त्यापुढे उत्तर.

"'नाही' असं आहे?" म्हातारीने विचारले.

"आहे."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचले. ती रडली नाही. फक्त बोटांनी चादरीची कड चाचपत राहिली. "पुढे?"

पुढे ऐकणाऱ्यांनाच इशारा होता: तुम्ही बदलला नाहीत तर तुमचाही नाश होईल. हे त्याला पटेना आणि टाळताही येईना. त्याने वाचले.

"हे कुणाला म्हटलंय?"

"समोर उभे होते त्यांना. म्हणजे... आपल्यालाही असेल. मला नीट कळत नाही, मावशी."

"मलाही नाही." मग तिने विचारले, "तो बुरूज बांधला कुणी होता? कच्चा होता का?"

कलमदादाने पुढचे पान उलटले, मागचे उलटले. पुढे अंजिराच्या झाडाची गोष्ट होती, एका कुबड्या बाईची होती. बुरूज बांधणाऱ्यांविषयी अवाक्षर नव्हते.

"ते लिहिलेलं नाही."

"मग आता मी त्या दोन घरांत काय सांगू?"

"तुम्ही नका जाऊ. मी जातो."

तो त्याच संध्याकाळी गेला. पहिल्या घरी त्याने व्हॉल्व्हविषयी ठाऊक होते ते सारे सांगितले, आणि हे तू समितीपुढे आणखी जोराने का सांगितले नाहीस, असा प्रश्न ऐकून घेतला. दुसऱ्या घराचे दार उघडले नाही. तो दाराबाहेरूनच बोलला आणि आतून कुणी ऐकले की नाही हे त्याला आजवर कळलेले नाही.

म्हातारीने त्या दोन दारांत जी माफी मागितली, ती कारखान्याने मागायची होती. कारखान्याने ती अजून मागितलेली नाही.