निळ्या फुलांचा वाडगा

चिलीतल्या चिलोए बेटावर हिवाळ्यात डुक्कर कापलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाटा जातो. मांस, कुरकुरीत तळलेली चरबी, बटाट्याची भाकरी. त्याला योको म्हणतात. ज्याला मिळाला त्याने आपल्या पाळीला तेवढाच परत करायचा आणि भांडं रिकामं पाठवायचं नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. उबर्लिंडा बार्रिया तर या बाबतीत गावची फौजदारच. कुणाच्या योकोत नुसती हाडंच आली होती, हे तिला वीस वर्षांपूर्वीचंही आठवायचं.

मागच्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, तिने समोरच्या मिरलांदलाही निळ्या फुलांचा वाडगा भरून दिला. मिरलांद हैतीहून आलेली, शिंपले सोलायच्या कारखान्यात कामाला. तिच्याकडे डुक्कर सोडाच, कोंबडीसुद्धा नव्हती. दोन महिने झाले, चार झाले, वाडगा काही परत येईना. उबर्लिंडाच्या जिभेला कधी हाड नव्हतंच. "गिळला गं बाई, वाडग्यासकट गिळला!" असं ती दुकानात सांगायची. बायका हसायच्या. पुढे कुणाचाच योको मिरलांदकडे गेला नाही.

एक जानेवारीला दुपारी उबर्लिंडाच्या दारावर टकटक झाली. तिने पडद्याची कड धरून पाहिलं. ठेवणीतला झगा घालून मिरलांद उभी होती, दोन्ही हातांत तोच वाडगा, हैतीत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी करतात त्या भोपळ्याच्या सूपने काठोकाठ भरलेला, वाफाळता. हा घेतला तर इतके दिवस सांगत सुटलो ते सगळं आपल्याच घशात येणार. तिने दार उघडलं नाही. मिरलांदने तीनदा वाजवलं, सूप निवेपर्यंत वाट पाहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर वाडगा होता, स्वच्छ घासलेला.

उबर्लिंडा तो घेऊन तडक दुकानात गेली. "बघा, रिकामा!" म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं, तेच तिला सोयीचं पडलं.

मार्चमध्ये गावात एक चित्रकार मुलगी आली. बाहेरून येऊन इथे राहिलेल्यांना गाव कसं दिसलं, ते त्यांना विचारून ती धक्क्याजवळच्या सभागृहाच्या भिंतीवर रंगवणार होती. चित्रासाठी तिने उबर्लिंडाकडे निळ्या फुलांचा वाडगा मागितला, आणि उबर्लिंडा हवेतच गेली. "माझा योको भिंतीवर चढतोय," असं तिने पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. उद्घाटनासाठी केस कुरळे करून घेतले.

भिंतीवरचं कापड खाली आलं. मधोमध एक बंद दार होतं. पायरीवर पाठमोरी बाई, तिच्या हातात निळ्या फुलांचा भरलेला वाडगा, वर वाफ. आणि खिडकीत पडद्याच्या कडेला चार बोटं.

सगळ्यांच्या माना उबर्लिंडाकडे वळल्या. वाडगा कुणाचा हे उबर्लिंडानेच गावभर करून ठेवलं होतं. शेजारीण सोइलाने शेवटी मिरलांदला विचारलं, "काय गं, तू भरला वाडगा घेऊन गेलीस त्या दिवशी घरात कुणी होतं का?"

मिरलांदने उबर्लिंडाकडे एकदाच पाहिलं. "नव्हतं कुणी. बोटं चित्रवाल्या ताईंनी मनानं काढलीत."

"हो ना," उबर्लिंडा बोलून गेली, "मी त्या दिवशी चर्चमध्ये होते."

म्हटलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला गावाने आपल्यामुळे वाळीत टाकलं, तीच आपली अब्रू झाकत होती, आणि आपण ते पांघरूण खुशाल ओढून घेतलं. तीन दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. खिडकीचा पडदा तिने काढून ठेवला.

रविवारी प्रार्थना सुटली आणि सगळे चर्चच्या अंगणात उभे असताना ती त्यांच्यामधून निघाली. हातात वाडगा, सगळ्यांना दिसेल असा, रिकामा.

"अगं, रिकामं भांडं घेऊन कुठे चाललीस?" सोइला ओरडली.

"मिरलांदच्या दारात. त्या दिवशी मी घरातच होते, सोइला. ती बोटं माझी." आवाज मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

तिने मिरलांदचं दार वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवायची वेळच आली नाही. मिरलांदने आधी तिच्याकडे, मग वाडग्याकडे पाहिलं.

"ते सूप वर्षातून एकदाच करतो आम्ही, उबर्लिंडाबाई. आज नुसते बटाटे उकडलेत."

"चालतील," उबर्लिंडा म्हणाली. वर बघायची तिची छाती झाली नाही.

मिरलांदने वाडगा भरून आणला, पण तिच्या हातात दिला नाही. ती दारातून बाजूला सरली.

"आत या. गार झाल्यावर काय चव राहते?"