काहीच न करणारा भाग

जगात जे काहीच करत नाही, त्याच्यावर माझ्या मावशीच्या यजमानांइतकं प्रेम कुणी केलं नसेल. काका सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि राहायचे पलूसला. सत्तरच्या दशकात त्यांनी कुठंतरी वाचलं की पेशीतल्या डीएनएचा थोडाच भाग प्रथिनं घडवतो, उरलेला नुसता पडून असतो. काही शास्त्रज्ञ त्याला कचरा म्हणतात, हे काकांना घरच्या माणसाला शिवी दिल्यासारखं लागलं. कोणतं जनुक कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, याचे खटके त्या पडीक भागातच असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. जिवाणूंमध्ये तसे सापडलेही होते. शोधायची रीत सोपी: एक तुकडा काढायचा आणि काय बंद पडतं ते बघायचं.

कॉलेजात त्यासाठी लागणारं काहीच नव्हतं, म्हणून काकांनी ही रीत घरावर लावली. न्हाणीमागचा एक बिनकामाचा धोंडा काढला, तर सांडपाणी स्वयंपाकघरात आलं. काका घोटाभर पाण्यात समाधानानं उभे राहिले. मावशीला मसाल्यातून रोज एकेक जिन्नस वगळायला लावला. दगडफूल वगळलं ते मात्र कुणालाच कळलं नाही. मावशी म्हणाली, मग उद्यापासून नकोच घालायला. काका गंभीरपणे म्हणाले, "घाई नको. ते थंडीत काम करत असेल."

मग त्यांच्या मुलीचं, शोभाताईचं लग्न आलं. काकांचे चुलते आप्पा पलटणीतून निवृत्त झालेले. कार्य कुणाचंही असो, मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून दिवसभर गप्प बसायचे, एवढाच त्यांचा उद्योग. काकांनी भल्या सकाळी त्यांना नारळ देऊन जीपनं औंधला यमाईच्या दर्शनाला धाडलं. का, ते फक्त मला सांगितलं, कारण मी कुणाला काही सांगत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

तासाभरात सगळं थांबलं. आप्पांनी मान हलवल्याशिवाय आचारी चूल पेटवेना. वाजंत्री हलगी मांडीवर ठेवून बसले. आप्पांना कुणीतरी दुखावलं असणार म्हणून भावकी मांडवाबाहेरच उभी राहिली. शिराळ्याचं वऱ्हाड ताटकळलं, तसा नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "आमची चेष्टा लावलीया व्हय? चला रं, गाडी फिरवा."

काका आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. आत येऊन ते मला हळूच म्हणाले, "बघितलंस? एक माणूस काढला आणि सगळं बंद."

कोपऱ्यात मुंडावळ्या बांधून बसलेल्या शोभाताईनं ते ऐकलं. ती ओरडली नाही. "आबा," ती म्हणाली, "लग्न माझं हाय."

काकांचा चेहरा असा उतरलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. ते अनवाणीच मांडवात धावले, मामांच्या पाया पडले आणि ऊस उतरवून परतणाऱ्या एका ट्रकात चढून औंधच्या वाटेला लागले. वाटेतच परतणारी जीप भेटली. आप्पा आले, खुर्चीत बसले, खाकरले. चूल पेटली, हलगी कडाडली, भावकी आत आली आणि अक्षता वेळेवर पडल्या. आप्पांनी काय केलं, ते मी डोळ्यांनी बघूनही सांगू शकत नाही.

संध्याकाळी शोभाताईची गाडी गेली. काका सोप्यात बसून राहिले. मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून उभी होते. मावशी भांडी आवरत होती. नुसती उभी आहेस तर जरा बाजूला हो, असं ती मला म्हणाली.

"असू दे तिला तिथं," काका म्हणाले. "हलवू नकोस."