देश न पाहिलेले मामा

आमच्या कुंभकोणमच्या घरमालकांएवढा महाराष्ट्र माहीत असलेला माणूस मी अजून बघितला नाही, आणि त्यांनी महाराष्ट्र जन्मात एकदाही पाहिला नव्हता. उत्तरेला ते फार फार तर दहाबारा मैलांवरच्या तिरुप्पनंदाळपर्यंत गेले होते, आणि तिथून आल्यावर प्रवासाने हाडं मोडली म्हणून दोन दिवस निजून होते. पण देशाबद्दल काहीही विचारा, उत्तर तयार. कृष्णेला पाणी किती, जोंधळ्याची भाकरी कशी थापतात, घाटावरची माणसं रागावली की काय करतात, सगळं मला, त्या घाटावरून आलेल्या माणसाला, ते समजावून सांगायचे. मी "तसं नाही हो" म्हटलं की माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तरुण. तुम्हांस ठाऊक नसेल." सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणायला लागलो. मी चौथी नापास माणूस, लिहिणं हा माझा धंदा नाही. पण घरात आता मनातलं बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहितोय.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. आमच्या खानापूर भागात शेत म्हणजे नुसता खडक, त्यामुळे पोरं मिसरूड फुटलं की गलाईला बाहेर पडायची. गलाई म्हणजे सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, धुवायची, मुशीत घालून भट्टीवर गाळायची आणि त्या मातीतून सोन्याची कणी काढायची. मी तसाच फिरत फिरत कुंभकोणमला टेकलो आणि जम बसेलसा वाटल्यावर बायको आणि तीन वर्षांच्या शेवंतीला घेऊन आलो. तीन दिवसांत चार गाड्या बदलल्या. दारात पोचलो तर मामा ओट्यावर छत्री आडवी धरून उभे. म्हणाले, "आतां राहुकाळ आहे. दीड तास आंत जावयाचें नाहीं." मी म्हटलं, पोरगी उपाशी आहे. ते म्हणाले, "म्हणूनच. शुभ वेळीं जेवेल." बायको ट्रंकेवर बसली, भर उन्हात. पण खोटं कशाला बोलू, त्या दीड तासात त्या माणसाने एक पितळी तपेलीभर दूध आणून पोरीला पाजलं आणि सबंध वेळ छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. स्वतःच्या टकलावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन ठिबकत होता.

त्या छत्रीचं एक वेगळंच होतं. मामांचे खापरपणजोबा म्हणे तंजावरच्या मराठी राजांच्या वाड्यात छत्र्यांच्या कोठीवर होते. तलवारीवर नाही, खजिन्यावर नाही, छत्र्यांवर. त्याचा मामांना एवढा अभिमान की ते छत्रीशिवाय परसातसुद्धा जात नसत. तिने कुत्री हाकलायचे, वाट दाखवायचे, भाजीवालीच्या टोपलीतलं वांगं टोचून बघायचे. मात्र पाऊस आला की तीच छत्री अंगरख्याखाली घालून भिजत घरी यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भिजेल की." दुसऱ्याच्या डोक्यावर धरायला मात्र त्यांची कधी ना नसायची. बोलण्याचंही तसंच. त्यांची मराठी ऐकून वाटायचं, पणजा चितेवरून उठून आलाय. आणि ते आम्हालाच सांगायचे, "देशांत राहून तुमची भाषा असकी बिघडली." असकी म्हणजे सगळी. अशा शब्दांचे अर्थ आम्ही शेवंतीला विचारायचो, कारण ती दिवसभर त्यांच्या ओट्यावर असायची.

मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाहेर निघायच्या आधी ते भिंतीवरच्या पालीला विचारायचे, "जाऊं काय?" पाल चुकचुकली की कुठल्या दिशेने आवाज आला ते बघून जायचं की नाही ते ठरायचं. गप्प राहिली तर तिच्यावर रागवायचे. "सकाळपासोन एक शब्द नाहीं!" मी आणि बायको भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसायचो. म्हणजे पदर तिचा, मी हात कोंबायचो. एवढंच काय ते आमचं हसणं. आज माझ्या खोलीत पाल नाही, नाही तर मीही विचारलं असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. बायकोचं तिथे मन लागेना. मी सकाळी भट्टीवर जायचो तो दिवेलागणीला यायचो, तेजाबाचा वास अंगाला घेऊन. जेवायचो आणि आडवा व्हायचो. ती दिवसभर चार भिंतींत. भाषा येत नाही, भात गिळवत नाही, गल्लीतली एक बाई तिच्याकडे मान वर करून बघत नाही. फुलवाली आमचं दार टाळून पुढे जायची. ताकवाली शेजारी अर्धा तास गप्पा मारायची, आमच्या दाराशी आली की आवाज उतरवायची. बायको म्हणायची, "मी काय पटकी घेऊन आलीया?" मी म्हणायचो, लागेल सवय. नवऱ्याला दुसरं काय येतं? एक दिवस तिने सांगितलं, "दिवाळीपत्तोर बघते. न्हाई जमलं तर मला आन् पोरीला गाडीत बसवून द्या. तुम्ही बसा सोनं गाळत." ती बोलली की करायची. ती गेली असती तर मी एकटा तिथे उरलो असतो, किंवा धंदा टाकून खडक फोडायला परत गेलो असतो. रात्री झोप येईना.

एक मामाच काय ते आमच्याशी फार हळुवार वागायचे. दोन दिवसाआड रस्सम-भाताचं भांडं आमच्या उंबऱ्याशी ठेवून मागे न बघता निघून जायचे. मी भेटलो की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "होणारें तें होतें." मी म्हणायचो, खरंय. मला वाटलं, माणूस वेदान्ती आहे.

मग नवरात्र आलं. तिकडे त्या नऊ दिवसांत घराघरात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि बायका एकमेकींना बघायला बोलावतात, हळदकुंकू लावतात, उसळ देतात. गल्लीभर रेशमी लुगडी सळसळत होती. नवव्या दिवशी मी लवकर घरी आलो तर बायको दाराआड बसलेली. लग्नातलं हिरवं लुगडं, नाकात नथ, शेवंतीच्या केसांत तेल घालून वेणी घातलेली. रोज अशी नटून बसत होती आणि मी यायच्या आत बदलत होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणाली, "एक बी आली न्हाई. तिकीट काढा."

माझं डोकं फिरलं. तसाच मामांच्या ओट्यावर गेलो आणि ओरडलो, "तुमच्या गल्लीतल्या बायका माणसं आहेत का जनावरं?"

मामा शांतपणे म्हणाले, "सुतकाच्या घरीं कोण बोलावणें करील?"

"कुणाचं सुतक?"

"तें तुम्ही सांगावें. आम्ही पुसलें नाहीं. दुःख पुसूं नये."

"अहो मामा, कुणी मेलं नाही आमच्यात!"

मामांच्या हातची छत्री खाली पडली. ती पडलेली मी एवढी एकदाच पाहिली. मग सगळं बाहेर आलं. तिथे रोज पहाटे प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी निघते, तिला कोलम म्हणतात. दारात कोलम नाही म्हणजे घरात कुणी वारलंय, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि आमच्या कारभारणीने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "हे माझं घर न्हवं. माझ्या दारात काढीन तवा काढीन." अडीच महिने आमचं दार कोरडं. गल्लीतल्या बायकांनी मामांना विचारलंही होतं की तेरा दिवस तर कधीच उलटले, हे अजून कसं? तर मामांनी छातीठोक सांगितलं होतं, "देशाची रीत तुम्हांस काय ठाऊक? तेथें वर्षभर धरतात."

मी कपाळावर हात मारला. मामा छत्री उचलून भर गल्लीत जाऊन उभे राहिले आणि तमिळमध्ये गरजले की या घरात कुणी मेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत. लोकांनी दारं उघडून पाहिलं आणि परत लावून घेतली. बहुतेकांना वाटलं, मामांचंच काहीतरी बिनसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाहेर बायकांचं हसणं ऐकू आलं. दार उघडतो तर मामा आमच्या दारात उकिडवे बसलेले. छत्रीच्या टोकाने जमिनीवर भोकं पाडून ठिपके घातलेले आणि मूठ मूठ पीठ सोडून ते जोडणं चाललेलं. दाढीला पीठ, भुवईला पीठ. त्या मुलखात पुरुषाने कोलम काढणं म्हणजे बाप्याने लुगडं नेसण्यासारखं. आठदहा बायका तोंडावर हात ठेवून वाकून वाकून हसत होत्या. समोर जे निघालं होतं ते कमळ होतं असं मामा म्हणत होते. मला तो गाडीखाली आलेला खेकडा वाटला.

बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचं तिलाच सोसेना. "मामा, सरका," म्हणाली. "किती वंगाळ काढलंय."

"यांत काय वाईट आहे?"

"सरका म्हणते ना!"

तिने पदर खोचला, पाण्याचा हबका मारून तो खेकडा पुसला आणि मामांच्या हातातलं पीठ घेतलं. आमच्या गावाकडे काढतात तशी रांगोळी काढायला लागली. तुळशीचं वृंदावन, दोन बाजूंना चंद्र-सूर्य, खाली गाईची पावलं. बायकांचं हसणं थांबलं. एकेक जवळ आली. एक म्हातारी खाली बसून गाईच्या पावलाकडे बोट दाखवून काहीतरी विचारायला लागली. बायकोला शब्द कळेना, पण ओट्यावर गल्लीतल्या पोरांत तमिळ उचललेली शेवंती मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगू लागली. भट्टीला जायला मला उशीर झाला. तिकिटाचं पुन्हा नाव निघालं नाही.

मामा शेवटपर्यंत म्हणायचे की त्यांचंच कमळ चांगलं होतं, मत्सराने पुसलं.

तेरा वर्षं राहिलो. मी परकाच राहिलो, सोनारांपलीकडे माझी ओळख झाली नाही. ती मात्र तिथली झाली. स्वामीमलैच्या देवळाला बायकांबरोबर जायची, बाजारात तमिळमध्ये भांडायची, आणि निघायची वेळ आली तेव्हा पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून मीच तिला ओढून आणली. गावी नवं घर बांधलं, फरशी घातली. ती गप्पच असायची.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी दिवसातून दहा वेळा म्हणायची, "घरी चला." सून सांगायची, आई, तुम्ही घरीच आहात. ती मान हलवायची, हे न्हवं. सुनेला कळायचं नाही, मला कळायचं. मी म्हणायचो, जाऊ, उद्याच्या गाडीने निघू, मामा वाट बघत असतील. ती डोळे मिटायची. मामा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. ते गेल्याचं गल्लीतून आलेलं पत्र मी तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं.