बियांची सोडत

चष्मा कपाळावर ढकलायचा आणि विचारायचं, “हे नुसतं योगायोगानं झालं नसेल कशावरून?” वाशीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांची ही सवय. जवळच्या पावणे गावातल्या एका औषध कारखान्यात ते प्रयोगांचे आकडे तपासत. नव्या दूधवाल्यामुळे ॲसिडिटी गेली, असं कुणी म्हणालं की चष्मा वर. शेवटी बायका चांगली बातमी त्यांच्या दारावरून दबकत नेऊ लागल्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमची मुलगी एमएस्सीला होती. नाल्याच्या पाण्यानं मेथीची वाढ खुंटते का, हा तिचा प्रकल्प. तोंडी परीक्षा पंधरवड्यावर आलेली. नाल्याच्या पाण्यावरची रोपं खुजी, नळाच्या पाण्यावरची तरारलेली. मी हिशेबातला माणूस. सरासऱ्या स्वतः ताडून पाहिल्या आणि ऐटीत तिला काकांकडे नेलं.

“कुंड्या किती?”

“दोन, काका. एकेकीत वीस रोपं.”

“ठेवल्या कुठे?”

“नळाची गॅलरीत. नाल्याची मोरीत. आई म्हणाली, वास मारतो.”

चष्मा वर गेला. “मग रोपं खुंटवली कुणी? पाण्यानं की मोरीतल्या अंधारानं? आणि वीस कसली, कुंडी एकच! एका घरातल्या वीस जणांना विचारून अख्ख्या वाशीचं मत कळतं का?”

मुलगी रडकुंडीला आली. मेथी आठवड्यात वाढते, पुन्हा लावायला वेळ होता, एवढाच आधार.

“आपल्याला ही घरं कशी मिळाली?” काकांनी मला विचारलं.

“सोडतीत.”

“मग बियांनाही तसंच.”

काकूंचे पापड गॅलरीतून हलले. तिथं सोळा ताटल्या मांडल्या. कुठल्या ताटलीला कुठलं पाणी, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.

आठवड्यानं रोपांची उंची मोजून काकांनी टी-टेस्ट लावली. ताटल्या-ताटल्यांत एरवीही कमीजास्त होतंच. त्या मानानं दोन सरासऱ्यांतला फरक मोठा आहे का, एवढंच ती पाहते. नव्हता.

“म्हणजे नाल्याचं पाणी चांगलं?” मी म्हणालो.

“तसं कुठे म्हटलं? एवढ्या ताटल्यांत फरक सिद्ध झाला नाही. पोरी, तेवढंच लिही.”

“नापास केलं तर?”

काका चष्मा पुसत राहिले. “करतीलही,” ते हळूच म्हणाले.

तिनं तेवढंच लिहिलं; घरी आईनं नवस बोलून ठेवला. परीक्षकांनी पहिलंच विचारलं, कुठल्या ताटलीला कुठलं पाणी, ते कसं ठरवलं? ती म्हणाली, सोडतीनं. पास झाली.

निकाल हाती आला तोवर काका कामोठ्याला मुलाकडे कायमचे राहायला गेले होते. पेढे घेऊन मी सवयीनं त्यांच्या बंद दारापाशी थांबलो. तिथंच शेजारच्या वहिनी भेटल्या. पेढा घेत मोठ्यानं म्हणाल्या, “नवस पावला हो तुमचा!”

चष्मा वर ढकलायला तिथं कुणी नव्हतं.