दारावर आधीच तोरण होतं

समोरच्या नव्या इमारतीतून ओल्या गिलाव्याचा वास आला आणि आजही मी खिडकी लावून घेतली. पस्तीस वर्षांपूर्वी डोंबिवलीत आमच्या पहिल्या फ्लॅटचा ताबा घ्यायला, दुधाचं पातेलं सांभाळत आम्ही दोघं नवरा-बायको जिना चढलो, तेव्हा हाच वास होता.

दाराला मात्र आधीच तोरण होतं. आत एक अनोळखी बाई स्टोव्हवर दूध उतू जायची वाट बघत बसलेली.

"अहो, हा आमचा फ्लॅट आहे!"

तिने पिशवीतून करारनामा काढून पुढे धरला. फ्लॅट नंबर तोच, बिल्डरची सही तीच. मेल्याने एकच घर दोघींना विकलं होतं. दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला.

तेव्हा मला फक्त माझं घर गेलेलं दिसत होतं. तिच्या हातातला कागदही थरथर कापत होता, ते आज दिसतं.