अंबूबाईचं शुद्ध मेण

कुरुळीच्या अंबूबाईला किळस यायला निमित्त लागत नसे. दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी ती तोंडाला लावत नसे, आणि पंगतीत कुणी बोटं चाटली तर ती तोंड फिरवून बसे. अशा बाईच्या नशिबी देवानं काम दिलं ते मधाच्या पोळ्यांचं. नवरा हिंदुराव रानात धूर करून पोळी काढायचा, मध पिळून घ्यायचा आणि उरलेला चोथा बायकोपुढे आणून टाकायचा. त्यात मेलेल्या माश्या असत, पांढऱ्या वळवळत्या अळ्या असत. अंबूबाई नाकाला पदर लावून तो चोथा पाण्यात उकळायची, फडक्यातून गाळायची आणि अळीचं एखादं टरफल जरी दिसलं तरी सगळं पातेलं परत चुलीवर चढवायची. मग वर गोठलेल्या मेणात थोडं खोबरेल, चिकटपणाला चिमूटभर राळ, आणि ते पत्र्याच्या डब्यांत ओतून गावातल्या बायकांना विकायची. त्या काळी बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवत, म्हणजे ते दिवसभर जागचं हलत नसे.

एवढी घाण उपसून काढलेलं ते मेण, त्याचा तिला गर्व किती असावा? चाकणच्या बाजारात चांदभाईच्या दुकानात पांढरं, स्वस्त मेण मिळे. त्यात चरबी घालतात, असं अंबूबाई येईल त्या बाईला बिनदिक्कत सांगायची. ते मेण तिनं कधी हातात धरूनही पाहिलं नव्हतं.

माघात तिच्या मालोजीचं लग्न झालं. मालोजी पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर होता, आठवड्याला एकदा घरी यायचा. सून कुसुम घोडनदीची. गोरी, नितळ कपाळाची पोर. पहिल्याच सकाळी तिनं माहेरून आणलेली मेणाची डबी काढली. अंबूबाईनं वास घेतला, पांढरा रंग पाहिला आणि चिमटीत धरून ती डबी उकिरड्यावर फेकली. ही असली घाण माझ्या घरात चालायची नाही, म्हणाली, आणि आपली डबी सुनेच्या हातात दिली.

थोडे दिवस बरे गेले. मग कुसुमच्या कपाळावर कुंकवाएवढा लाल चट्टा उठला. त्याला खाज सुटली, फोड आले, फोड फुटून पाणी झिरपायला लागलं. भुवया सुजल्या, एका सकाळी तर डोळे उघडेनात. कुसुम म्हणायची, मेण लावलं की आग होते. अंबूबाईला हे ऐकूनच संताप यायचा. शुद्ध वस्तूनं कधी कुणाला काही होतं का? पोरगी धड तोंड धूत नसणार, हा तिचा निकाल. उलट ती मेणाचा थर दुप्पट लावायला लावी, समोर उभी राहून. कुंकू न लावता राहायची तर सोयच नव्हती, नवरा जिवंत असताना.

पण तो पिवळा, चिकट स्राव तिला बघवेना. तिनं सुनेचं ताट वेगळं केलं, लुगडी वेगळ्या दोरीवर वाळत घालायला लावली. शेजारची शालनबाई कुंपणावरून म्हणाली की असलं रक्त नासलेलं असतं, पुढे पोराबाळांत उतरतं. मग अंबूबाईनं ठरवलंच. बापानं रोग लपवून पोरगी गळ्यात मारली, आता रविवारी मालोजी आला की तिला माहेरी धाडायची, ती कायमचीच.

शनिवारी दुपारी कुसुम सासूपुढे येऊन उभी राहिली. दंडाच्या आतल्या बाजूला बांधलेलं फडकं तिनं सोडलं. खाली तसाच लाल, फोडांचा चट्टा.

"आत्याबाई, हितं कुंकू न्हाई. नुस्तं तुमचं मेण लावून बांधलं व्हतं. तुमच्या घरात आले तवा माझं कपाळ चांगलं व्हतं, तुमीच बघितलंय."

अंबूबाईला वाटलं, पोरीनं फोड उठवायला मुद्दाम बिब्बा लावला असेल. तिनं दुसरा दंड स्वतःच्या हातानं धुतला, स्वतःचं मेण लावलं, गाठही स्वतःच मारली. मालोजी आला तेव्हा त्याला म्हणाली, पुढच्या रविवारी बघू. आणि मधल्या दिवसांत तिनं गाठ सोडली, तर आत तोच चट्टा. मेणाचा की राळेचा, देव जाणे. पण डबी तिची होती.

तिनं सुनेला चुलीपाशी बसवलं. मग कोमट खोबरेल घेतलं आणि सुनेच्या कपाळावरचं मेण बोटानं हळूहळू उतरवलं. तो पिवळा चिकटा तिच्या नखांत शिरला. तरी तिनं हात काढून घेतला नाही.

कपाळ भरून येईपर्यंत कुसुम कुंकवाविना राहिली. शालनबाईनं नाक मुरडलं ते मुरडलंच. मग एका बाजाराच्या दिवशी अंबूबाई चाकणला चांदभाईच्या दुकानात गेली. मेण मागताना तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. चांदभाईनं डबी पुढे सरकवली आणि आपण होऊन सांगितलं, हे माशीचं नाही, मेणबत्तीचं आहे, खोटं कशाला बोलू? चरबीचा त्यात लवलेश नव्हता. घरी येऊन तिनं तेही आधी सुनेच्या दंडावरच बांधलं. कातडी स्वच्छ राहिली, तेव्हा कपाळाला लावू दिलं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. कुसुमचं कपाळ निवळलं होतं, वर ठसठशीत कुंकू. शालनबाईनं निरखून पाहिलं आणि विचारलं, आता कोणतं मेण लावते तुमची सून?

"चांदभाईचं," अंबूबाई म्हणाली. "माझं तिला सोसत न्हाई. माझ्या मेणानंच तिचं कपाळ नासलं."

शालनबाईचा चेहरा उतरला. ती खाली बघत म्हणाली, "आमच्या लेकीच्या, सुमीच्या कपाळाला दोन वर्सं खाज हाय. तुमचं मेण शुद्ध म्हून आमी तिलाच नावं ठेवली. तिच्या सासरच्यांनी बी ठेवली."

अंबूबाईनं कोनाड्याकडे पाहिलं. तिथं तिच्या दोनदा गाळलेल्या मेणाच्या डब्या एकावर एक रचलेल्या होत्या, लखलखीत. जन्मभर तिला दुसऱ्यांच्या घाणीची किळस आली होती. आज ती स्वतःची आली, आणि तोंड फिरवावं तर कुठे?