गावभरच्या मेलेल्यांखाली स्नेझिना

आमच्या लोम गावात माणूस मेला की आधी त्याचा कागद निघतो, मग पेटी. फोटो, नाव, चार ओळी आणि खाली दुःखी कोण कोण. दारावर, खांबावर, पावाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवायचा. चाळीसाव्या दिवशी पुन्हा, वर्षानं पुन्हा. माझा नवरा किरो जिवंतपणी घराबाहेर पडायचा नाही. मेल्यावर मात्र गावभर दिसला.

हे कागद छापतो रादको. त्याची वेबसाइट केली माझ्या शेजारच्या स्नेझिनानं. पन्नाशीची पोरगी. मला काय, सगळ्या पोरीच. आधी लोक वेबसाइटवर येऊन मनाला येईल ते लिहायचे, मग पहिली बायको, दुसरी बायको, सगळ्यांची भांडणं रादकोच्या दारात. तो कावला. म्हणाला, "असं कर, की कोणाला जास्तीची ओळ घालताच येणार नाही." हिनं तसंच केलं. नावाचा रकाना, फोटोचा रकाना, पत्नी किंवा पती, मुलं, नातवंडं, आणि सगळ्या रकान्यांना कुलूप.

मी म्हटलं, "अगं, एखाद्याची लग्नाशिवायची बाई असते. तिनं कुठं जायचं?"

"मावशी, नोंदणीत नाही ती माझ्या रकान्यातही नाही," म्हणाली आणि हसली.

हसतेय कोण, तर ही. हिच्या स्वयंपाकघरात ल्युबेन चीजची बनित्सा खात बसलेला. त्याची लग्नाची बायको आणि मुलगी विदिनला. घटस्फोट घेतला नव्हता, निव्वळ आळसानं. "आज कोर्टात कोण जाईल, चिखल किती आहे," असं म्हणत त्यानं वर्षानुवर्षं काढली. हिनंही कधी रेटलं नाही. कशाला रेटायचं, माणूस तर घरातच आहे.

फेब्रुवारीत तो गेला. जोडे घालता घालता. विदिनहून बायको आली, मुलगी रालित्सा आली, आणि कागद त्यांनी सांगितला. हक्क त्यांचाच.

स्नेझिना माझ्याकडे आली. डोळे कोरडे. "मावशी, मला काही नको. आपल्या इमारतीच्या दारावर लागेल त्या कागदावर माझं नाव हवं."

"मग वेगळा कागद लाव. कोण अडवतंय?"

"वेगळा लावला तर लोक म्हणतील, बघा, हिचं वेगळंच. मला त्याच कागदावर हवंय. बाकीच्यांच्या रांगेत."

"वेबसाइटच्या चाव्या तुझ्याकडेच ना? मग उघड की कुलूप."

माझ्याच टेबलावर बसून तिनं नवा रकाना घातला: कोणासोबत राहिले. पण तो भरणार कोण? विदिनवाल्या? म्हणून तिनं त्यात आपलं नाव आधीच घालून ठेवलं. रकाना उघडला की नाव तयार. "नंतर काढून टाकीन," म्हणाली.

दुपारी रालित्सा रादकोकडे कागद शेवटचा बघायला गेली. रकाना दिसला, नाव दिसलं. नाव पुसलं, कागद जतन केला, छापून घेतला आणि येऊन आमच्या दारावर चिकटवला.

आणि गावातले जुने मेलेले? वेबसाइटवर पडलेले त्यांचे कागद या रकान्याच्या आधीचे. त्यांच्यात कोणी काही पुसलेलंच नव्हतं. मग वेबसाइटनं प्रत्येकाखाली ते तयार नाव लावून टाकलं. अंधार पडायच्या आत फोन सुरू झाले. औषधवाल्याची विधवा रादकोला म्हणते, "माझा नवरा हिच्यासोबत कधी राहायचा ते सांग, म्हणजे मला कळेल तो मासेमारीला कुठं जायचा." खाटकाकडच्या रांगेत एक जण म्हणाला, "एवढ्यांना पुरली म्हणजे तब्येत दांडगी."

मी माझा किरो उघडून बघितला. दुःखी: पत्नी दोन्का, म्हणजे मी. कोणासोबत राहिले: स्नेझिना.

"नेलासच तर त्याचं घोरणंही न्यायचंस," मी म्हटलं. तिला हसवायला हो.

ती हसली नाही. एकेक मेलेला खाली सरकवत होती. पाद्र्याचा भाऊ, शाळेतला शिपाई, कोण कोण. सगळ्यांखाली ही. फक्त ल्युबेनखाली नाही.

"तिथं का नाही गं?"

"रालित्सानं हातानं पुसलंय, मावशी. न भरलेला रकाना असला तर नाव बसतं. कोणी मुद्दाम रिकामा ठेवला तर यंत्र तो रिकामाच ठेवतं."

सकाळी रादकोनं चाव्या काढून घेतल्या. वाईट माणूस नाही तो. "स्नेझिना, मी तुला ओळखतो," म्हणाला, "पण मेलेल्यांचं गिऱ्हाईक जिवंत असतं." दुसऱ्या कोणाकडून तो रकाना काढून घेतला. दफनाला ही मागं उभी राहिली, त्याच्या कामावरच्या लोकांत. दफनानंतर वाटतात तो उकडलेल्या गव्हाचा द्रोण तिला शेवटी मिळाला, तोही मी पुढं केला म्हणून.

चाळीसाव्या दिवशी विदिनवाल्यांनी नवा कागद लावला. तीच नावं. रोज तेच दार ढकलून हिला बाजाराला जावं लागतं.

मी म्हटलं, "फाडू का? म्हातारीला कोण काय बोलणार?"

"नको," ती म्हणाली. "फोटो चांगला आलाय. मीच काढलेला आहे."

हल्ली ती दार खालच्या कोपऱ्याला धरून ढकलते, हात कागदावर पडू नये म्हणून.